थकबाकीदार कोण?

आपल्या बैठकांत एक सवाल सारखा ऐकू येतो. कुणी पोरगा बी.एस्सी. झाला, पुढं भौतिकशास्त्रात नाहीतर गणितात संशोधन करीन म्हणाला, की आपल्यातलाच एखादा जुना कार्यकर्ता विचारतो : त्याचा समाजाला उपयोग काय? कलेक्टर झाला तर उपयोग. वकील, डॉक्टर झाला तर उपयोग. बँकेत चिकटला तरी निदान घराला उपयोग. पण ताऱ्यांच्या उजेडाचा अभ्यास करणारा दलित पोरगा आपल्याला परवडत नाही. वर १८ मार्च १९५६ चं आग्र्याचं भाषण आहेच. शिकलेल्यांनी दगा दिला ही बाबासाहेबांची खंत आपण पोराच्या तोंडावर फेकतो आणि पोरगा गप्प होतो.

हा सवालच मला तपासून बघायचा आहे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याच्या डोक्यावर ऋण असतं का? असलं तर कुणाचं? आणि ते फेडायचं कुठल्या नाण्यात?

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंड मंजूर केले आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. त्या पैशावर कोलंबिया झालं. लंडनचा अभ्यास अर्ध्यावर असताना मुदत सरली, १९१७ ला परत यावं लागलं. बडोद्यात हुद्दा मिळाला, राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. दहा वर्षे राहिली बाजूला, काही दिवसांतच बडोदे सुटलं. म्हणजे कराराचा कागद पुढं ठेवला तर बाबासाहेब थकबाकीदार! लिहिताना हात अडखळतो, पण कागदाची भाषा तीच आहे. आता मला सांगा, ऋण बुडवलं कुणी? बाबासाहेबांनी, की त्यांना भाड्यानंसुद्धा एक खोली न देणाऱ्या गावानं?

आणि त्यात गेला तो वेळ. लंडनला परत जायला १९२० उजाडलं. त्यासाठी इथं मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पै पै साठवावी लागली, शाहू महाराजांची मदत घ्यावी लागली, नवल भथेनांकडून पाच हजार उसने घ्यावे लागले. बाबासाहेबांसारख्या माणसाची तीन वर्षे पैशासाठी अडली. मग आपल्या पोरांचं काय घेऊन बसलात?

संशोधनाला डोकं लागतं, पुस्तकं लागतात, प्रयोगशाळा लागते. पण सगळ्यात आधी वेळ लागतो. पाच वर्षं एका प्रश्नापाशी बसून राहायची मुभा. ही मुभा आपल्या बापजाद्यांना कधीच नव्हती. त्यांचा वेळ गावानं आधीच वाटून घेतला होता. शिष्यवृत्ती म्हणजे तो वेळ परत मिळणं. त्यात कुणाचा उपकार नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉय लिनलिथगोला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी स्वच्छ मांडलं होतं की कला आणि कायद्याच्या शिक्षणानं अस्पृश्यांचं फारसं भलं होणार नाही, वरच्या दर्जाचं विज्ञान आणि तंत्रशिक्षण हवं, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचं असल्यानं सरकारनं पैसे द्यावेत. आग्रा आपल्याला पाठ आहे, हे निवेदन आपण उघडत नाही.

घाटकोपरच्या आमच्या वस्तीपासून पवईची आयआयटी किती लांब? एक रिक्षाचं भाडं. १९५८ ला ती सुरू झाली. अनुसूचित जातींना राखीव जागा मिळायला १९७३ उजाडलं. पंधरा वर्षं!

आता दार उघडलं, तर पैसा उशिरा येतो. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये. आकडा वाईट नाही, फक्त तो वेळेवर हातात पडला पाहिजे. आमच्या गल्लीतला एक पोरगा एका संस्थेत रसायनशास्त्रात संशोधन करतो. सहा महिने त्याची फेलोशिप आली नाही. आई पवईच्या टॉवरांत चार घरची धुणीभांडी करते, तिनं पगाराची उचल घेतली. त्याच्याच टेबलावर काम करणाऱ्या दुसऱ्याची फेलोशिपही थकली होती. त्याच्या बापानं पैसे पाठवले, प्रश्न मिटला. उशीर दोघांना सारखाच. पण एकाचे प्रयोग चालू राहिले आणि दुसरा संध्याकाळी क्लासला शिकवण्या घ्यायला लागला. वर्षाअखेर मार्गदर्शक म्हणणार, याच्यात गुणवत्ता कमी. ज्याचा बाप थांबू शकतो तो गुणवान!

सगळ्या ८६१ पात्र विद्यार्थ्यांना बार्टीची फेलोशिप द्या, एवढ्यासाठी २०२३ साली आपले संशोधक आझाद मैदानात उन्हात बसले होते. २०२५ च्या जुलैत परदेश शिष्यवृत्तीला निवडलेल्या १०६ जणांपैकी पहिल्यांदा ४० जणांनाच पत्रं गेली. बाकीच्यांना निरोप, पैसा असेल तर बघू. आणि जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात गेलेला रोहित वेमुला? त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. त्याच्या शेवटच्या पत्रात तारे आहेत आणि सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशोबही आहे. त्याला कुणी विचारणार का, ताऱ्यांचा उपयोग काय म्हणून?

समाजाचं ऋण मी नाकारत नाही. वस्तीनं वर्गणी काढून फी भरलेली पोरं मी पाहिलीत; त्यांनी वस्तीकडं पाठ फिरवली तर मलाही राग येतो. पण ऋण आहे म्हणून त्यानं काय शिकावं हे आपण ठरवणार असू, तर दहा वर्षांचा करार लिहून घेणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय उरला? कुलाब्याच्या संशोधन संस्थेत गणित करणाऱ्या सवर्णाच्या पोराला त्याची जात उपयोग विचारत नाही. आपल्याच पोरांनी तेवढी पावती का दाखवायची?

आमच्या अभ्यासिकेत आता एक पेटी ठेवली आहे. ज्याला पगार आहे त्यानं महिना दोनशे टाकायचे, आणि फेलोशिप थकली की संशोधकानं त्यातून बिनव्याजी उचलायचे. पैसे आले की परत. वाद एकाच कलमावर अडलाय. कुणी संशोधन अर्धवट सोडलं, तर पैसे वसूल करायचे का? गेल्या रविवारी हात वर करून मतं घेतली. सात जण म्हणाले वसूल करा, पाच म्हणाले नको. मी पाचांत होतो. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.