सुट्टी माणसाची की वाराची?

फ्रँकफर्टला नव्याने आलेलं मराठी कुटुंब एखाद्या रविवारी तरी कांद्यावाचून अडतंच. सुपरमार्केट बंद, मॉल बंद. उघडं काय, तर पेट्रोल पंप, मोठ्या स्टेशनातली दुकानं आणि सकाळी काही तास बेकरी. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो. भिंतीला ड्रिल लावलं की शेजारी दाराशी हजर. साडेसात टनांहून जड ट्रकांनाही, काही अपवाद सोडले तर, रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी.

हा सगळा चर्चचा कारभार, अशी आपली समजूत होते. चर्चचा हात आहेच. पण रविवार कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखला जाईल, हे १९१९च्या वायमार संविधानात लिहिलं गेलं आणि १९४९च्या मूलभूत कायद्याने ते कलम तसंच पुढे चालवलं. आज ते टिकवायला पाद्र्यांच्या शेजारी उभी असते ती ‘वेर्डी’ ही कामगार संघटना. एरवी या दोघांचं कितपत जमत असेल, देव जाणे.

कामगाराला आठवड्यातून एक दिवस मोकळा हवा, याबद्दल वाद नाही. पण तो सगळ्यांना एकाच वारी कशाला? महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने यातून सरळ वाट काढली: दुकान वर्षाचे ३६५ दिवस चालू दे, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी द्या. हिशेब चोख आहे. मात्र नवऱ्याची सुट्टी मंगळवारी, बायकोची गुरुवारी आणि मुलांची शाळा बंद रविवारी, असं झालं की सुट्टी प्रत्येकाला मिळते, घराला मिळत नाही. मंगळवारी मोकळा असलेला माणूस कुणाकडे जाणार? भजनी मंडळ, क्रिकेटची टीम, नात्यातलं केळवण, सगळ्यांना माणसं एकाच वेळी मोकळी लागतात.

जर्मनीच्या संविधान न्यायालयाने १ डिसेंबर २००९ रोजी नेमकं हेच धरलं. नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडायची मुभा बर्लिनने दिली होती, त्याविरुद्ध चर्च न्यायालयात गेली. दुकानदाराला धंदा हवा आणि गिऱ्हाइकाला खरेदी करावीशी वाटते, एवढं कारण पुरेसं नाही, असं न्यायालयाने सांगितलं. समाजाने एका ठेक्यावर थांबणं हेसुद्धा राखण्याजोगं मानलं गेलं. निकाल चर्चच्या अर्जावर आला, पण त्यातला हा मुद्दा देव न मानणाऱ्यालाही पटावा असा आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९०मध्ये मिळवली ती रविवारची सुट्टी. रविवार हा खंडोबाचा वार, हा दाखलाही त्यांनी दिल्याचं सांगतात. जेजुरीला कुणी पाळी लावून जात नाही.

अर्थात जर्मन रविवारही कुणाच्या तरी कष्टावरच उभा आहे. ट्राम चालते, नर्स ड्यूटीवर असते, आणि रविवारी बाहेर जेवायला जाणाऱ्यांच्या ताटामागे रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात बहुधा बाहेरदेशातून आलेला माणूस राबत असतो. त्याच्या वाट्याचा रविवार सोमवारी येतो आणि तो एकट्यानेच काढावा लागतो. त्याची बाजू कुठल्या प्रवचनात मी ऐकलेली नाही.

खरा पेच हेसन राज्यात पडला. फ्रँकफर्ट याच राज्यात येतं. तिथे एकही नोकर नसलेली छोटी दुकानं निघाली: कार्ड दाखवून आत जा, स्वतःच पैसे भरून बाहेर पडा. कुणाची सुट्टी जात नाही, मग रविवारी बंद कशाला? माणूस असो वा नसो, हे दुकानच, असा निकाल राज्याच्या प्रशासकीय न्यायालयाने २०२३मध्ये दिला. २०२४मध्ये राज्याने कायदाच बदलून अशा लहान दुकानांना वाट करून दिली.

मला न्यायालयाचं म्हणणं जास्त पटलं होतं. दुकान उघडं असलं की गिऱ्हाइकाचा वार बदलतो, त्याच्याही डोक्यात सामानाची यादी सुरू होते. हे माहीत असूनही अशाच एका दुकानातून मी रविवारी दूध आणलेलं आहे. पुढे दोघं होते. एकाच्या हातात कांदे.