विचारलं नाही

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या आठवड्यात पाणी 57 फुटांवर गेलं. गावभागातल्या एका दवाखान्यात कपाटंच्या कपाटं पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर कंपाउंडरमामांनी केसपेपरचे गठ्ठे सोडवले आणि गच्चीवर दोऱ्या बांधून वाळत घातले. मोठ्या डॉक्टरांनी शाईच्या पेनानं लिहिलेली औषधं धुऊन गेली होती. मामांनी बॉलपेननं लिहिलेलं नाव, गाव आणि समासातल्या लाल खुणा मात्र बऱ्याच पानांवर टिकल्या होत्या.

धाकट्या डॉक्टरांनी ठरवलं, यापुढे सगळं कॉम्प्युटरवर. निर्णय योग्यच होता. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा गावभागात आलं, तेव्हा दवाखाना बंद होता, पण निवारा केंद्रातल्या पेशंटांना इन्सुलिन किती युनिट, रक्तदाबाची गोळी कोणती, हे डॉक्टर मोबाइलवर बघून सांगत होते. घरदार सोडून आलेल्या माणसाला आपल्या गोळीचं नाव आठवत नाही; ते कुणीतरी सांगावं लागतं.

जुने कागद चढवायला दोन मुलं बसवली होती. सॉफ्टवेअरमध्ये ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. पर्याय दोनच : आहे, नाही. पानं चिकटलेली, काम उरकायचं, आणि मुलांना त्या लाल खुणांचा अर्थ कुणी सांगितलेला नव्हता. ती ‘नाही’ दाबून पुढे जायची. मुलांना मी दोष देणार नाही. ज्या रकान्यात खरं उत्तर लिहिताच येत नाही, तो माणसाकडून खोटं लिहूनच घेतो.

पुढे एकदा कोरेगावकडच्या एक आजी लेकीकडे सांगलीला आल्या होत्या. लघवीला जळजळ, अंगात कणकण. धाकट्या डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, अ‍ॅलर्जी ‘नाही’, आणि सल्फाची गोळी लिहिली. कागद हातात घेऊन मामा तिथंच उभे राहिले.

“साहेब, एक विचारू? मी सकाळपासून बघतोय. जुन्या पेशंटपैकी एकालाही कशाची अ‍ॅलर्जी दिसत नाही. असं कसं होईल?”

बाहेर ओपीडीची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. तरीही डॉक्टरांनी खुर्ची वळवली. “आजी, कुठली गोळी तुम्हाला बाधते का हो?”

“बाधते की! मागं एकदा लघवीच्याच गोळीनं ओठ सुजलं, श्वास लागंना. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं होतं. ह्या मामांनी लाल पेनानं लिवलं होतं माझ्यासमोर.”

मामांनी माळ्यावरचा गठ्ठा काढला. पान डागाळलेलं होतं, पण समासात ‘सल्फा नको’ स्पष्ट वाचता येत होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली.

त्याच रात्री त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. त्या रकान्यात तिसरा पर्याय हवा होता : ‘विचारलं नाही’. आणि कागदावरून चढवलेल्या प्रत्येक नोंदीत तूर्तास तोच यायला हवा होता. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, “सर, मग निम्म्याहून जास्त माहिती अपुरी दिसेल.” डॉक्टर म्हणाले, “अपुरीच आहे ती. तशीच दिसू दे.”

मग मामांची खुर्ची कॉम्प्युटरशेजारी आली. टायपिंग मुलं करायची, प्रश्न मामा विचारायचे. माणसामागे दोन मिनिटं जास्त लागत. रांगेतली माणसं कुरकुरली, काही दुसऱ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सकाळची ओपीडी अर्धा तास आधी सुरू केली.

आजींचा 14 आकडी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य नोंदी जोडायचा ओळख क्रमांक, काढून त्यांची नोंद त्याला जोडली. गावी परतल्यावर त्यांनी तिथल्या डॉक्टरांना मोबाइलवरून ती बघायची परवानगी दिली. तिथल्या कॉम्प्युटरवर आजींच्या नावापुढे अजून ‘अ‍ॅलर्जी नाही’ असंच होतं. त्या डॉक्टरांनी सांगलीला फोन लावला आणि आजींची चौकशी झाल्यावर त्या सॉफ्टवेअरवाल्याचा नंबर मागून घेतला.