पहिलं वर्ष कुणाकडे काढायचं?

सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर फ्लास्कमधला गुलाबी मीडिया पिवळा पडून गढूळ झालेला. पेशींना बॅक्टेरिया लागले होते. तीन आठवड्यांचं काम ब्लीच टाकून सिंकमध्ये ओतलं. हूडमध्ये हात कसे हलवायचे, झाकण कधी उघडायचं, हे त्या दुपारी शेजारच्या लॅबमधल्या एका सीनियरने शिकवलं. माझ्या गाईडना मात्र ही गोष्ट सांगायला मला चार दिवस लागले.

सर वाईट नव्हते, पण मी त्यांना ओळखतच नव्हते. नेट झाली, जेआरएफ मिळाली आणि विद्यापीठात मुलाखतीला गेले. तिथे विचारायची गोष्ट एकच होती : जागा कुणाकडे आहे? त्यांच्याकडे होती, म्हणून मी त्यांची विद्यार्थिनी झाले. पुढची पाच-सहा वर्षं फेलोशिपच्या कागदावर, सिनॉप्सिसवर आणि शिफारसपत्रावर एकाच माणसाची सही लागणार होती. लग्न ठरवतानासुद्धा आपण याहून जास्त चौकशी करतो.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये किंवा बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये जीवशास्त्राचा विद्यार्थी आधी लॅब रोटेशन करतो. दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करायचं आणि मग गाईड ठरवायचा. एवढ्या काळात शोध लागत नाही, पण प्रयोग फसल्यावर त्या लॅबमध्ये आवाज चढतो की चहा मागवला जातो, हे कळतं. मला हीच माहिती सगळ्यात मोलाची वाटते.

जीवशास्त्रात ती जास्तच लागते, कारण इथे वेळ आपल्या हातात नसतो. यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होतं, फळमाशीची पिढी दहा-बारा दिवसांत उभी राहते, उंदराच्या एका पिढीला जवळपास तीन महिने लागतात. हव्या त्या जनुकबदलाचे उंदीर तयार होईपर्यंत वर्ष उलटून जातं. फेलोशिप मात्र सगळ्यांना सारखीच, पाच वर्षांची. २०२३पासून ती पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० आहे. गाईड निवडताना आपण सजीवही निवडत असतो आणि त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळतं का, हे कोणी सांगत नाही.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात आणि दर सत्रात सल्लागार समितीपुढे काम मांडावं लागतं. आता मीही अशा समित्यांवर असते. प्रश्न विचारला की मुलगी आधी गाईडकडे बघते, मग उत्तर देते. ते बघून मला माझे ते चार दिवस आठवतात. म्हणून शेवटची दहा मिनिटं मी गाईडना बाहेर थांबायची विनंती करते. काही जण नाराज होतात. पण एरवी वर्षभर दडून राहिलेली अडचण बहुतेक वेळा त्याच दहा मिनिटांत बाहेर येते. हे प्रत्येक समितीत लेखी नियम म्हणून यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या विद्यापीठात रोटेशन नसेल, तर प्रवेशाआधी महिनाभर लॅबमध्ये येऊन काम करू द्या, असं स्वतःच विचारा. पाचव्या वर्षातल्या विद्यार्थ्यांशी बोला. आणि त्या लॅबमधून कोणी पीएचडी अर्धवट सोडून गेलं असेल, तर त्यांचा नंबर मिळवून त्यांना आधी फोन करा.