हे कशात उघडू?

संगणकावर दोन-तीन ब्राउझर ठेवणाऱ्यांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर मिळतं; त्याला ‘चूझर’ म्हणू. ईमेलमधल्या किंवा व्हॉट्सॲपवरच्या लिंकवर क्लिक केलं की ते मध्ये येतं आणि विचारतं, हे कशात उघडू? क्रोम, फायरफॉक्स, की एज? विरार स्टेशनाबाहेर शेअर रिक्षांच्या रांगेपाशी उभा असलेला माणूस ‘कुठं जायचंय?’ विचारून बोट दाखवतो, तेवढंच याचं काम. मॅकवर चूझी, फिनिकी, वेल्जा, लिनक्सवर जंक्शन, विंडोजवर ब्राउझर चूझर, ब्राउझर टेमर. बहुतेकांच्या मागे एखाद-दुसराच प्रोग्रामर असतो. अशा किरकोळ वस्तूवर वैचारिक लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण अशा सॉफ्टवेअरकडे लोक काय मागतात आणि त्यात कशाकशाची दुरुस्ती होते हे पाहत गेलं, की वेब कुणाच्या सोयीनं बांधलं जातं आणि कुणाच्या गैरसोयीची नोंदच होत नाही, हे फार स्वच्छ दिसतं.

पहिली मागणी ठरलेली असते: दर वेळी विचारू नका, लक्षात ठेवा. तिच्या पाठोपाठ दुसरी: लक्षात ठेवलेलं विसरायची सोय द्या. मग नियम येतात. बँकेचा पत्ता नेहमी फायरफॉक्समध्ये, ऑफिसचा नेहमी एजमध्ये. ते झालं की लक्षात येतं, ऑफिसचा मेल आणि घरचा मेल एकाच पत्त्यावर आहेत. म्हणजे ब्राउझर निवडून भागत नाही, त्यातलं प्रोफाइलही निवडता आलं पाहिजे. मग आखूड केलेल्या लिंका. त्या वरून सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे कुठलाच नियम त्यांना लागू पडत नाही. आधी लिंक उलगडा, मग ठरवा, अशी मागणी येते. कुणाला माउसला हात न लावता आकडा दाबून निवड करायची असते. कुणाला पत्त्यामागे जोडलेलं, आपला माग काढणारं शेपूट छाटून हवं असतं.

चुकाही अशाच बारीक. लिंक आपल्याकडे यावी म्हणून चूझरला स्वतःची नोंद ब्राउझर म्हणूनच करावी लागते. उपलब्ध ब्राउझरांची यादी करताना त्यानं स्वतःलाही धरलं, तर तो स्वतःच्याच हाती लिंक देत बसतो. ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि फाइलची जागा बदलली, तर चिन्ह दिसतं पण दाबून काही होत नाही. चुकांची एक जात आपल्या जवळचीही आहे. वेबपत्त्यात देवनागरी आली, की कॉपी करताना प्रत्येक अक्षरचिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. ‘वसई’ या तीन अक्षरांची सत्तावीस. पत्ता छोट्या चौकटीत मावत नाही हे एक. शिवाय टक्क्याच्या खुणेला विंडोजच्या आज्ञांमध्ये वेगळा अर्थ आहे, त्यामुळे लिंक पुढे पाठवताना निष्काळजीपणा झाला तर पत्ता मोडतो. इंग्रजी पत्ते वापरणाऱ्याला ही चूक वर्षभरात एकदाही दिसणार नाही, आणि ज्याला दिसली नाही तो ती कळवणार कशी?

इथून माझा मुद्दा सुरू होतो. सॉफ्टवेअरमधली चूक म्हणजे कुणीतरी चूक म्हणून कळवलेली गोष्ट. ज्यानं कळवलं त्याचं जग हळूहळू सॉफ्टवेअरमध्ये उमटत जातं. ज्यानं जुळवून घेतलं, त्याचं नाही.

कळवूनही भागेल असं मात्र नाही, कारण एकाची चूक ही दुसऱ्याची सोय असते. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या काही लिंका अशा घडवल्या, की तुमचा नेहमीचा ब्राउझर कुठलाही असो, त्या एजमध्येच उघडाव्यात. डॅनियल अलेक्सांडरसेन या प्रोग्रामरनं २०१७ मध्ये एजडिफ्लेक्टर नावाचं चिमुकलं सॉफ्टवेअर काढून त्या लिंका पुन्हा वापरणाऱ्याच्या ब्राउझरकडे वळवल्या. २०२१ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं ती वाट बंद केली. त्याच सुमारास विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलायचा तर प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी आणि लिंकसाठी वेगळी निवड करावी लागत होती. त्यावर एवढी ओरड झाली की २०२२ च्या वसंतात एका बटणाची सोय परत आली. पुढे युरोपीय आर्थिक क्षेत्रात नवा कायदा आला, तेव्हा तिथल्या संगणकांवर एजची सक्तीही सुटली. वसईतल्या संगणकावर तेच विंडोज असतं, पण ही सवलत नाही.

युरोपातलाच आणखी एक किस्सा इथं सांगण्याजोगा आहे. स्पर्धाभंगाच्या प्रकरणात तडजोड म्हणून २०१० च्या मार्चपासून मायक्रोसॉफ्टला तिथल्या विंडोजवर ब्राउझर निवडीचा पडदा दाखवावा लागला. म्हणजे सरकारी हुकमानं आलेला चूझरच. पाच मोठे ब्राउझर दर वेळी वेगळ्या क्रमानं दिसावेत असं ठरलं होतं. आयबीएममधल्या रॉब वीअर यांनी तो क्रम मोजून पाहिला, तर तो नीट पिसला जातच नव्हता. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ते पान उघडलं की खुद्द इंटरनेट एक्स्प्लोरर साधारण निम्म्या वेळा शेवटी! लबाडी असती तर उलटी झाली असती. हा प्रोग्रामरचा सरळ अडाणीपणा होता आणि काही दिवसांत तो दुरुस्तही झाला. पण खरी चूक पुढची. विंडोज ७ च्या एका सुधारित आवृत्तीत हा पडदा यायचाच राहिला. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात सुमारे दीड कोटी लोकांना तो दिसला नाही. मार्च २०१३ मध्ये युरोपीय आयोगानं त्यासाठी ५६.१ कोटी युरोंचा दंड केला. क्रम चुकला तर मोजणारा कुणी निघाला, कारण पडदा समोर होता. पडदाच नव्हता तेव्हा चौदा महिने निघून गेले. समोर नसलेल्या गोष्टीची तक्रार करायला ती असायला हवी होती हे आधी माहीत असावं लागतं.

अशाच न कळवलेल्या चुका पाहायला आता वसई-विरारकडे या. महानगरपालिका २००९ ची, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी ठाणं गाठावं लागायचं; आता डहाणू लोकलनं पालघर. ऑनलाइन अर्जाचं इथलं मोल त्या खेपेच्या हिशेबात आहे. पान उघडलं नाही, तर एक खाडा. म्हणून स्टेशनांच्या आसपास आणि तहसील कार्यालयाच्या वाटेवर आपले सरकार सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाट्या. वालीव, गोखिवरे, सातिवली, नवघरच्या गाळ्यांतले छोटे कारखानदार जीएसटी आणि निविदांसाठी डिजिटल सहीचं टोकन खिशात घालून अशाच कुणाकडे तरी जातात.

नालासोपाऱ्यातल्या अशा एका दुकानात मॉनिटरच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवलेली मी पाहिली. तीन ओळी: ‘सही लागते ते – एज. फोटो चढत नाही ते – क्रोम. पावती छापायची – फायरफॉक्स.’ चूझरमधले नियम मुख्यतः पत्त्यावर चालतात, या पट्टीवर एकही पत्ता नव्हता. ही वाटणी कामांची आहे. वर्षानुवर्षं ठेचा खाऊन तयार झालेली, आणि माझ्या मते कुठल्याही चूझरच्या नियमांपेक्षा शहाणी. वेबसाइटी बदलतात, त्यांची नावं बदलतात. अडतं ते सहीपाशी, फोटोपाशी आणि छपाईपाशीच.

सहीसाठी एजच का, यामागे इतिहास आहे. सरकारी संकेतस्थळांवरची सही बराच काळ ॲक्टिव्हएक्स किंवा जावा ॲपलेटच्या जोरावर चालत असे. क्रोमनं २०१५ मध्ये जावा ॲपलेटचा आधार काढून घेतला, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. उरला एजमधला आयई मोड, म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररसारखी पानं उघडण्याची सोय, जी निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनं म्हटलं आहे. त्यातही गंमत अशी, की आपण हातानं आयई मोडच्या यादीत घातलेलं पान तीस दिवसांनी यादीतून आपोआप गळतं. एकतिसाव्या दिवशी ‘काल चालत होतं, आज काय झालं?’ असा प्रश्न पडतो आणि खापर सर्व्हरवर फुटतं. (एकाच ब्राउझरवर अडण्याची आपल्याला जुनी सवय आहे. युनिकोड रुळण्याआधी काही मराठी संकेतस्थळांची अक्षरं फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उमटत, बाकीकडे नुसता गिचमिड काला. ब्राउझर बदलून बघणं हा आपल्या वाचनसंस्कृतीचाच भाग होता म्हणा ना.)

त्या दुकानात आणखी एक गरज दिसते, जिचा चूझर बनवणाऱ्यांना पत्ताच नसावा. त्यांच्या डोळ्यांसमोरचा वापरणारा म्हणजे एक माणूस, त्याची दोन आयुष्यं: ऑफिस आणि घर. म्हणून दोन प्रोफाइलं. इथं एक मशीन आणि दिवसभरात येणारी रांगभर माणसं. प्रत्येकाचं लॉग-इन वेगळं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आधारचा फोटो डाउनलोडच्या फोल्डरमध्ये. मागच्या गिऱ्हाइकाचं खातं बंद करायचं राहिलं, तर पुढच्याच्या अर्जात त्याचं नाव यायची भीती. चूझरमध्ये काय हवं, असं मी त्या दुकानदाराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता: नवं गिऱ्हाईक, नवी कोरी खिडकी, उठून गेलं की सगळं पुसलं गेलं पाहिजे. खासगी खिडकी हे जवळपास करते, पण ती मुद्दाम आठवणीनं उघडावी लागते, आणि एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं समोर बसली तर दोन्ही खासगी खिडक्यांतलं लॉग-इन एकच. प्रोफाइलं जमतील, पण ती रोज बनवणार कोण आणि पुसणार कोण? ही अगदी सरळ, शब्दांत मांडता येईल अशी मागणी आहे. असा धंदा या पट्ट्यात शेकड्यांनी चालतो. तरी ती वसई-विरारमधून कुणी कुठे लिहून पाठवली असेल असं मला वाटत नाही.

का नसेल? भाषा हे एक कारण झालं. पण मोठं कारण त्या कागदी पट्टीतच आहे. पट्टीमुळे काम होतं, गिऱ्हाईक जातं, पैसे येतात. चूक तिथंच जिरते. ती सांभाळून घेण्याचं कौशल्य हेच मुळी दुकानदाराचं भांडवल आहे. सगळ्या साइट सगळ्या ब्राउझरांत चालल्या, तर निम्मी माणसं घरूनच फॉर्म भरतील. त्याला दोष देता येत नाही, पण दुरुस्तीची मागणी त्याच्याकडून येईल ही आशाही फोल.

कायद्याकडे वळावं तर तिथंही फट आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं, थेट आयोगापर्यंत जाता येतं. चांगला कायदा आहे. पण मुदतीचं घड्याळ अर्ज रीतसर दाखल झाल्यावर चालू होतं. फोटो चढलाच नाही, सहीची खिडकी उघडलीच नाही, तर अर्ज नाही. अर्ज नाही तर उशीर नाही. उशीर नाही तर अपील कशाचं? सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत आणि संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांत चालावं असं ती सांगतात. ती पाळली न गेल्याचा पुरावा वसईतल्या दुकानांच्या मॉनिटरांवर चिकटवलेला आहे, पण तो कुठल्या फायलीत लागत नाही.

याचा अर्थ आलेली प्रत्येक मागणी पुरवावी असा नाही. सगळ्यांना हो म्हणणारा प्रोग्रामर दोन वर्षांत स्वतःचं सॉफ्टवेअर मारतो. चूझरचं सगळं मोल क्लिक आणि पान यांच्यामधल्या अर्ध्या सेकंदात आहे. त्यात हवामान आणि घड्याळ घालायला सांगणारेही असतात. नाही म्हणणं हा कारागिरीचाच भाग. पण नाही म्हणण्यासाठीसुद्धा आधी मागणी कानावर यावी लागते.

आणि इथं एक तांत्रिक भिंत आहे, ती मान्य करायला हवी. दुकानातली पट्टी कामानुसार चालते. चूझरला मात्र पत्ता दिसतो, काम दिसत नाही. कित्येक पोर्टलांवर लॉग-इन केल्यावर पत्ता बदलतच नाही: फोटो चढवा, सही करा, पावती काढा, वर तोच मजकूर. शिवाय अर्ध्यावर ब्राउझर बदलला की पुन्हा लॉग-इन, पुन्हा ओटीपी. म्हणजे ‘सही लागते ते’ हा नियम चूझरला कितीही इच्छा असली तरी पाळता येणार नाही. ते काम पोर्टल बांधणाऱ्याचं आहे, आणि बांधणाऱ्याला गाठायची जागा एकच: निविदेतली स्वीकृती चाचणी. आज ती बहुधा नव्या लॅपटॉपवर, चांगल्या नेटवर, एकाच ब्राउझरात उरकली जात असणार. ती वसईच्या किंवा नालासोपाऱ्याच्या एखाद्या सेवा केंद्रात व्हावी, अशी अट घालता येईल. मशीन तिथलंच, १४ ऑक्टोबर २०२५ ला ज्याचा आधार संपला ते विंडोज १० असलेलं. ब्राउझर तीन, प्रिंटर जुना, टोकन खरं, आणि फॉर्म भरणारा दुकानदार स्वतः. तो जिथे जिथे अडला ते सगळे टप्पे लिहून घ्यावेत, दुरुस्त झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, आणि दुकानदाराला त्या दिवसाची मजुरी द्यावी, कारण त्या वेळात त्याची गिऱ्हाइकं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलेली असतील.