तण कोणाला म्हणावे?

मंडीदीपच्या कारखान्यांच्या वसाहतीत पहिला पाऊस पडला, की परसात जे सर्वांआधी डोके वर काढते त्याला आपण गाजरगवत म्हणतो, शेजारचे गाजर घास म्हणतात. पाने गाजरासारखी, गुण मात्र एकही नाही. अंगाला खाज, परागांमुळे शिंका आणि दमा. गुरेही सहसा तोंड लावत नाहीत. एका झाडाला हजारो बिया, आणि त्या न्यायला वारा, पाणी, ट्रकचे चाक, काहीही चालते.

ते ‘इथले नव्हे’ हे सांगताना आपल्या स्वराला एक वेगळाच त्वेष चढतो. मूळ मेक्सिकोकडचे, आपल्याकडे ते ठळकपणे नोंदले गेले १९५५ साली, पुण्यात. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. (तेव्हा मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाने ‘हे कुठून आले?’ हा प्रश्न जरा हळू आवाजातच विचारावा!)

पण परकेपणा हाच गुन्हा ठरवायचा, तर दिवाळीला दारी तोरण कशाचे बांधणार? झेंडूही मेक्सिकोचाच, शिवाय वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गाजरगवताचा कुळबंधू. चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणे, उपासाचा बटाटा, अंगणातला पेरू, सारे अमेरिका खंडांतून आलेले. नोकरीच्या निमित्ताने या गावात आलेली आपली घरे तरी कुठे इथली होती? चार पिढ्यांनंतर कोणी तसे विचारले, तर आपल्याला ते रुचेल काय?

मग फरक कोठे आहे? झेंडू शेजारच्या मिरचीला जगू देतो. गाजरगवताच्या अंगातली द्रव्ये मातीत उतरतात आणि दुसऱ्याचे बी रुजणेच अवघड करतात. म्हणजे आरोप जन्माचा नव्हे, वागण्याचा. पण इथेही मन थबकते, कारण झाडाला हेतू नसतो. त्याचे पान खाणारे किडे मायदेशीच राहिले, एवढेच त्याचे भाग्य. (त्यांतलाच एक भुंगेरा पुढे आणवून १९८४ साली बंगळूरकडे सोडण्यात आला, परक्याला आवरायला परकाच!) आणि ते माजते कुठे? दाट गवतात नव्हे. रस्त्याकडेच्या खोदकामावर, विटांच्या ढिगाऱ्यावर, प्लॉट पाडून उघड्या टाकलेल्या शेतावर. जमीन उघडी कोणी केली?

म्हणून मला वाटते, ते उपटावे जरूर, पण द्वेषाने नव्हे. तो न्यायनिवाडा नाही, शेजारधर्म आहे. आणि शेजारधर्म म्हटला की खरी अडचण सुरू होते. आपले परस लख्ख करून मोळी भिंतीपलीकडे फेकणारे सद्गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतात. पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर आपला हक्क नाही, मालक भोपाळला राहतो; वारा मात्र तिथूनच येतो. अशा वेळी हक्काचा कीस काढत बसण्यापेक्षा मालकाला निरोप धाडावा आणि शेजारच्या भाईसाहेबांना हाक मारावी. माती ओली असताना, पांढरी फुले येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुले आली असतील तर खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नये. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचे बी फेकावे, तो जागा धरून ठेवतो. इकडे त्याला चकौड़ा म्हणतात, आणि कोवळ्या पानांची भाजीही होते.