कंपनीचा शब्द आणि आपली फाइल

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात काय किंवा जिल्ह्यात इतरत्र काय, लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, तांदळाच्या पोत्यावरचा छाप ही कामे बहुतेक ‘कोरेल’मध्येच होतात. विंडोज आणि कोरेलच्या परवान्याचा खर्च झेपत नाही म्हणून एखादा दुकानदार लिनक्स या मोफत संगणकप्रणालीचा विचार करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो: त्यावर कोरेल चालते का?

एकेकाळी चालत होते. कॅनडातल्या कोरेल कंपनीने 1999 मध्ये स्वतःचे लिनक्स काढले आणि 2000 मध्ये कोरेलड्रॉही त्यावर आणले. हा ध्यास संस्थापक मायकेल काउपलंड यांचा. ऑगस्ट 2000 मध्ये ते पायउतार झाले, ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीत साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले, आणि 2001 मध्ये लिनक्सचा विभाग विकून टाकण्यात आला.

यात कोणी लबाडी केली असे मला वाटत नाही. लिनक्सला साथ देण्याचा शब्द दिला तेव्हा तो खराच असावा. पण धानाच्या सौद्यात शब्द फिरवणाऱ्याला पुढच्या हंगामात त्याच बाजारात तोंड दाखवायचे असते. कंपनीत शब्द देणारा निघून जातो आणि नव्या माणसावर त्याचे ओझे नसते. अडोबीचे रीडर लिनक्सवर 2013 नंतर पुढे सरकले नाही. मायक्रोसॉफ्टचे टीम्स लिनक्सवर 2019 मध्ये आले, 2022 मध्ये काढून घेतले गेले.

मुक्त स्रोतावरच वाढलेल्या रेड हॅटचे उदाहरण मला अधिक बोचते. तिच्या सेंटॉस 8 या मोफत लिनक्सला 2029 पर्यंत आधार मिळणार होता; डिसेंबर 2020 मध्ये कंपनीने जाहीर केले की तो 2021 अखेरच संपेल. मात्र स्रोत खुला होता, म्हणून काही महिन्यांतच त्याच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभी राहिली. शब्द मोडला तरी काम थांबले नाही. खुल्या स्रोताचे खरे मोल मला इथे दिसते.

कोरेलच्या ‘सीडीआर’ फाइलची रचना मात्र कंपनीने खुली केली नव्हती. स्वयंसेवकांनी ती चिकाटीने उलगडली, म्हणून आज इंकस्केप या मुक्त स्रोत चित्रप्रणालीत अशा बऱ्याच फाइली उघडतात. वेलबुट्टी येते, गणपतीही येतो. पण जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात बसवलेले वधू-वरांचे नाव रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ होऊन समोर येते, कारण ‘क’ला कोणता अंक द्यायचा हे प्रत्येक फॉन्टकर्त्याने आपल्यापुरते ठरवले होते. आपली भाषा आपल्याच फाइलीत परकी होते, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून दुकानदारांना आणि कार्यालयांनाही माझी विनंती आहे: ‘लिनक्सवर आणू’ या घोषणेवर विसंबून खरेदी करू नका. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, प्रत्येक कामाची एक प्रत एसव्हीजी या खुल्या फाइलप्रकारात जपा, आणि सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला आधी हे विचारा, की उद्या तुम्ही नसलात तर माझी फाइल कशात उघडेल?