आपली गाडी, परक्याचे डोळे

माणूस आपल्या गाडीचा मालक कुठवर असतो? १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने कित्येक घरांना बॉनेट उघडण्याचा नाद लावला. प्लग घासावा, एअर फिल्टर झटकावा, सीटला खोळ शिवावी. यात कोणाचे काय जाते? फार तर मिस्त्रीचे शे-दोनशे रुपये. हात काळे झाल्याचा आनंद त्याहून खचितच मोठा!

दिव्याला हात लावला की मात्र गोष्ट निराळी होते. लहान गाड्यांत सर्रास आढळणारा एच-फोर हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा. त्याची तार जिथे तापते, त्या बिंदूच्या हिशेबाने मागचा आरसा घडवलेला असतो. तिथे भलताच एलईडी खोचला, की उजेड रेषा सोडून फाकतो. चालवणाऱ्याला वाटते, दिवाळी झाली! वाळूजची पाळी संपवून छत्रपती संभाजीनगरात नगर नाक्याकडे सायकल हाणीत येणाऱ्याला मात्र रस्त्याची कडाच दिसेनाशी होते.

आमचे एक शेजारी म्हणतात, “समोरचेही तेच लावतात ना?” हा न्याय मला पटत नाही. सायकलवाल्याने काय लावावे? मी मुलाला सांगितले आहे : वायपर बदल, हॉर्नची वायर जोड, दिव्याची पिवळी पडलेली काच घासून घे. एवढ्याने उजेड कमी पडला, तर आपण सावकाश जाऊ.